वाचक विचारतात : वकिलाच्या पहिल्या भेटीआधी

परदेशी जाण्यासंबंधी आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझे वडील १९५३ साली फोंडा तालुक्यात जन्मले. त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवून मग माझी नोंद करायची आहे. पणजीतल्या वकिलांनी पुढच्या पंधरवड्यातली वेळ दिली आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, वकील कशाला, कागद तेवढे आणून द्या. पहिल्या भेटीला काय घेऊन जाऊ?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हातात पंधरा दिवस आहेत, ते कागद जुळवण्यात घालवा. २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्माने पोर्तुगीज, म्हणून ही लिस्बनची नोंद. पोर्तुगालच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार तुमचं प्रकरण साखळीसारखं चालतं. आधी वडिलांचा जन्म तिथल्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढतो, मग आईवडिलांचं लग्न, मग तुम्ही. एका कडीतलं नाव पुढच्या कडीशी जुळलं नाही की प्रकरण तिथेच अडतं. वकिलाचा पहिला तास बहुतेक हेच तपासण्यात जातो.

सगळ्यात आधी वडिलांच्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल मिळवा, जिला आपल्याकडे ‘तेओर’ म्हणतात. संगणकावरून मिळणारा एका पानाचा जन्मदाखला यासाठी पुरत नाही, कारण त्यात मूळ नोंदीतला सगळा मजकूर आणि समासातले शेरे नसतात. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे चौकशी करा. जुनी पुस्तकं तिथे नसतील तर पणजीच्या आर्किव्हमध्ये शोधावं लागतं. शोधायला जन्मवर्ष, गाव आणि आजोबांचं नाव लागतं. नक्की तारीख ठाऊक नसेल तर दोन वर्षं मागची आणि दोन पुढची पुस्तकं पाहायला सांगा. शाळेत घालताना १ जून लावून दिलेले वडील आपल्याकडे घरोघरी आहेत, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरून शोध सुरू करू नका.

नक्कल हातात आली की नावं अक्षर न् अक्षर वाचा. हिंदू कुटुंबांची खरी अडचण इथेच असते. पोर्तुगीज लिखाणात ‘श’साठी एक्स वापरत, आणि ‘के’, ‘की’ लिहायला क्यू-यू. म्हणून केशव हे नाव क्यूने सुरू होतं, शंकर एक्सने. नाईक हे आडनाव क्यू-यू-ई वर संपतं. कामत ‘कामोतीं’ असा दिसतो, परब किंवा प्रभू ‘पोरोबो’ असा. गोवा मुक्तीनंतर हीच माणसं शाळेत, बँकेत, मतदारयादीत इंग्रजी वळणाने लिहिली गेली. आपल्याला दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे वाचताच कळतं. लिस्बनच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला ते कागदाने दाखवून द्यावं लागतं.

त्याहून अवघड गोष्ट आईच्या नावाची. लग्नात सुनेचं नाव बदलायची चाल अनेक घरांत होती. माहेरच्या नोंदीत सुमन, तुमच्या जन्मनोंदीत सुनीता. लिस्बनच्या हिशेबी या दोन बायका, आणि तुमची आई नेमकी कोण हा प्रश्न उभा राहतो. आईचं माहेरचं नाव असलेला प्रत्येक कागद शोधा : तिची जन्मनोंद, शाळेचा दाखला, लग्नाची सिव्हिल नोंद.

आता एक मोठा कागद घ्या आणि त्यावर रकाने आखा : दस्तऐवज, त्याची तारीख, त्यात लिहिलेलं नाव जसंच्या तसं, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव. आजोबांपासून तुमच्यापर्यंत प्रत्येक माणसाचा प्रत्येक दस्तऐवज एका ओळीत भरा. जिथे अक्षर वेगळं तिथे लाल खूण करा. हा एक कागद वकिलापुढे ठेवलात तर जे तीन भेटींत कळायचं ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

लाल खुणा पाहून घाबरून स्वतःच दुरुस्त्या करायला मात्र धावू नका. १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याने नाव बदलतं ते पुढच्या काळासाठी. त्याने जुन्या नोंदीतलं नाव आणि आजचं नाव एकाच माणसाचं होतं हे आपोआप सिद्ध होत नाही. काही ठिकाणी मूळ नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते, काही ठिकाणी न्यायालयातून आदेश आणावा लागतो, काही ठिकाणी जोडपुराव्यांवर भागतं. अर्जाच्या तोंडावर घाईने करून घेतलेली दुरुस्ती पाहून परीक्षक जास्तच बारकाईने विचारतो. काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच ठेवून समजावून सांगायचं, हे ठरवणं वकिलाचं काम आहे. फी देता ती मुख्यतः याच निर्णयासाठी. एजंट कागद इकडून तिकडे नेऊ शकतो, हा निर्णय तो घेऊ शकत नाही.

आणखी एक तारीख तपासा : तुमचा जन्म झाला केव्हा आणि नोंदला केव्हा. पोर्तुगालच्या त्या १९८१ च्या कायद्याच्या १४ व्या कलमाचा सर्वसाधारण नियम असा की आईबापाशी असलेलं नातं मूल सज्ञान होण्याआधीच नोंदीने प्रस्थापित झालेलं हवं. पंचविसाव्या वर्षी उशिरा नोंदवलेला जन्म म्हणूनच अडतो. तुमचं तसं असेल तर भेटीत पहिलं वाक्य हेच बोला.

कागदांचे तीन संच करा : एक मूळ, दोन झेरॉक्स. झेरॉक्स वकिलाकडे ठेवा, मूळ दाखवून परत आणा. मूळ कागद द्यावाच लागला तर कोणता, कधी आणि कुणाला दिला याची सहीची पोच घ्या. वडिलांना बरोबर न्या. त्यांच्या तोंडून निघालेली एखादी गोष्ट, ‘आमचा बापूस तेव्हा डिचोलीला राहायचा’, शोधाची दिशाच बदलते.

प्रश्न : वकील खरा आहे हे कसं ओळखायचं? आणि फीचं काय विचारायचं? एकाने ‘काम झालं तरच पैसे’ म्हटलंय, दुसऱ्याने ‘शंभर टक्के गॅरंटी’.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दोघांपासूनही सावध राहा. निकालावर फी ठरवणं भारतीय वकिलाला बार कौन्सिलच्या आचारनियमांनुसार करता येत नाही. आणि परक्या सरकारचा निर्णय कुणीच आधी विकू शकत नाही, त्यामुळे गॅरंटी देणारा खोटं बोलतो आहे एवढं नक्की समजा.

गोव्यातल्या वकिलाची नोंद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे असते. सनद क्रमांक मागा, खरा वकील तो विनासंकोच देतो. पण पणजीतला वकील लिस्बनच्या कार्यालयापुढे तुमचा प्रतिनिधी म्हणून उभा राहत नाही, ते काम तिथल्या वकिलाचं किंवा सोलिसितादोरचं (तिथल्या परवानाधारक कायदेशीर प्रतिनिधीचं). म्हणून इथल्या वकिलाला विचारा, ‘तिकडे सही कोण करणार?’ नाव मिळालं की पोर्तुगीज वकिलांच्या ‘ओर्देम दुश आद्‌व्होगादुश’ या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव आणि सेदुला (वकिलाच्या ओळखपत्राचा) क्रमांक शोधता येतो.

इतर देशांसाठीही हाच रिवाज. कॅनडासाठी तिथल्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा वकील, किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना असलेला सल्लागार. ब्रिटनसाठी सॉलिसिटर, किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार (जानेवारी २०२५ पर्यंत हिचं नाव ओआयएससी होतं). ऑस्ट्रेलियासाठी सात आकडी मार्न, म्हणजे इमिग्रेशन सल्लागाराचा नोंदणी क्रमांक. अमेरिकेत कोणत्याही एका राज्याच्या बारचा वकील चालतो, कारण इमिग्रेशनचा कायदा संघराज्याचा आहे. कॅनडाच्या अर्जात पैसे घेऊन काम करणाऱ्या प्रतिनिधीचं नाव ५४७६ क्रमांकाच्या फॉर्मवर यावं लागतं. पैसे घेऊनही ‘माझं नाव नको टाकूया’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. उद्या अर्जात चूक निघाली की जबाबदार फक्त तुम्ही.

फी लेखी घ्या. कामाची हद्द काय, म्हणजे नुसता अर्ज की आलेल्या हरकतींची उत्तरंही. सरकारी शुल्क, भाषांतर, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), कुरिअर यात आहे की वेगळं. हप्ते कोणत्या टप्प्यावर. मधेच काम थांबवलं तर किती परत. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जन्म आणि लग्नाची नोंद, एवढंच काम त्यात असावं. घर, भाट (बागायत), शेत, बँक यांचा उल्लेख असेल तर सही करू नका. कोऱ्या कागदावर सही कुठल्याच कारणाने नाही.

प्रश्न : पहिली भेट व्हिडिओवर चालेल का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : चालेल. कागद दोन दिवस आधी स्पष्ट स्कॅन करून पाठवा, प्रत्येक फाइलला माणसाचं नाव आणि दस्तऐवजाचं नाव द्या. मूळ तेओर मात्र एकदा तरी वकिलाने डोळ्यांनी पाहिलेला बरा. पुसट शाई आणि समासातला शेरा मोबाईलच्या फोटोत येत नाही.

प्रश्न : मी तारवटी. क्रूझवर नऊ वर्षं काढली. एकदा अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता, आणि एकदा बोट सोडल्यावर तिथेच थोडे दिवस जास्त राहिलो. आता कॅनडाला जायचंय. हे वकिलाला सांगावं की नको? एजंट म्हणतो, दहा वर्षं होत आली, कोण बघतो.
— एक वाचक, वास्को

उत्तर : सगळं सांगा, आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगा. कॅनडाचा अर्ज विचारतो की कोणत्याही देशाने कधी व्हिसा नाकारला आहे का किंवा परत पाठवलं आहे का. तिथे खोटं ‘नाही’ लिहिलंत तर त्यांच्या कायद्याच्या ४० व्या कलमाखाली पाच वर्षं दार बंद होऊ शकतं. नकार स्वतः बहुतेक वेळा एवढा मोठा अडसर नसतो. लपवणं असतं. कॅनडा आणि अमेरिका एकमेकांच्या इमिग्रेशन नोंदी पडताळून पाहतात, म्हणून ‘कोण बघतो’ या सल्ल्यावर अर्ज उभा करू नका.

वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या १३२ व्या कलमाने वकिलाला तुमच्या परवानगीशिवाय ते उघड करता येत नाही. एजंटला असं कुठलंच बंधन नाही, म्हणून भेटीला त्याला शेजारी बसवू नका.

नकाराचा कागद शोधा आणि त्यावरचं कलम वाचा. अमेरिकेचा २१४(ब) खालचा नकार म्हणजे त्या वेळी परत येण्याबद्दल खात्री पटली नाही एवढंच, तो कायमचा शिक्का नाही. २१२ पासून सुरू होणारं कलम दिसलं तर गोष्ट वेगळी, ती वकिलाला आधी कळायला हवी. सीडीसीच्या (नाविकाच्या नोंदपुस्तिकेच्या) सगळ्या पानांची झेरॉक्स घ्या, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या तारखांसकट, आणि प्रत्येक पासपोर्टची, जुन्या, रद्द, भिजून फुगलेल्या पासपोर्टचीही. जास्त राहिलात ते नेमके किती दिवस हे तारखेने काढा. ‘थोडे दिवस’ या शब्दावर कुणालाही सल्ला देता येत नाही. अमेरिकेत १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला तिथे पुन्हा प्रवेशासाठी तीन वर्षांची बंदी येते, एक वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर दहा वर्षांची. नाविकाच्या व्हिसावर आलेल्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तेही विचारा. कंपनीची पत्रं आणि पगाराच्या नोंदी मिळत असतील तर त्याही न्या, कॅनडात अनुभव दाखवायला त्या लागतात.

प्रश्न : माझा नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर २०१७ पासून ब्रिटनमध्ये स्विंडनला आहे. आमचं लग्न २०२२ ला झालं. सगळे सांगतात, पोर्तुगीज नवरा असला की बायको आपोआप जाते. खरं का? भेटीला काय नेऊ?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, ते दिवस संपले. ब्रिटनमधली युरोपीय नागरिकांची मुक्त ये-जा ३१ डिसेंबर २०२० ला थांबली. आज नवीन पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन कुणी ब्रिटनला थेट नोकरीला जाऊ शकत नाही. आयर्लंड आणि युरोपीय संघातले इतर देश उघडे आहेत. हे ठाऊक नसल्यामुळे अजूनही घरं कर्ज काढतात, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहोत.

तुमचे यजमान तिथे आधीपासून आहेत, त्यांचा ‘सेटल्ड’ किंवा ‘प्री-सेटल्ड’ दर्जा असेल, म्हणजे आधीपासून तिथे असलेल्या युरोपीय नागरिकांसाठी ब्रिटनने काढलेल्या योजनेतला कायमचा किंवा तात्पुरता राहण्याचा हक्क. त्या योजनेची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. नंतर येणाऱ्या जोडीदाराला त्या योजनेतून जायचं तर नातं ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असावं लागतं. २०२२ चं लग्न त्यात बसत नाही, अपवाद एवढाच की त्या तारखेआधी तुम्ही टिकाऊ सहजीवनात होता हे कागदांनी दाखवता आलं तर. साखरपुडा पुरत नाही. नाहीतर उरतो तो नेहमीचा जोडीदार व्हिसा, त्यासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांची उत्पन्नमर्यादा आहे. मूल असेल तर त्याचा मार्ग वेगळा विचारा, मुलांना नंतरच्या जन्मतारखेवरही योजनेत जागा मिळू शकते.

यजमानांकडून त्यांच्या डिजिटल दर्जाचा शेअर कोड, सहा महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेची विवरणं आणि घराचा भाडेकरार मागवा. शेअर कोड ठरावीक दिवसांतच चालतो, भेटीच्या आठवड्यातला ताजा घ्या.

लग्नाच्या कागदाबद्दल जपून. गोव्यात कायद्याने लग्न म्हणजे सिव्हिल नोंदणी. देवळातल्या किंवा हॉलमधल्या समारंभाची तारीख आणि नोंदीची तारीख यात महिने, कधी वर्षं जातात, आणि दोन अर्जांत दोन तारखा लिहिल्या जातात. प्रत्येक अर्जात नोंदीची तारीखच द्या. आणि यजमानांना विचारा : हे लग्न लिस्बनला नोंदवलंत का? नसेल तर पोर्तुगीज दप्तरी ते अजून अविवाहित आहेत. ब्रिटनच्या अर्जात कुणी त्यांचे पोर्तुगीज कागद तपासले तर विसंगती दिसेल.

प्रश्न : एजंटने तीन वर्षांपूर्वी माझा जन्म लिस्बनला नोंदवला. पोर्तुगीज पासपोर्ट मी घेतलेला नाही. भारतीय पासपोर्टवर दोनदा दुबईला जाऊन आलो, मतदानही केलं. आता ऐकतो की पासपोर्ट रद्द करतात. वकिलाला काय विचारू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ही भेट लांबवू नका, आणि तोवर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, नूतनीकरणाचा अर्जही करू नका.

मुळात गोंधळ दोन देशांच्या दोन हिशेबांचा आहे. भारताच्या लेखी गोवेकर २० डिसेंबर १९६१ ला भारतीय नागरिक झाले, १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने. पोर्तुगालच्या लेखी त्याआधी इथे जन्मलेला माणूस जन्माने पोर्तुगीज, आणि नोंद म्हणजे आधीपासून असलेल्या हक्काची नोंद. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. नुसती लिस्बनची नोंद म्हणजे ‘घेतलं’ का, हा तुमच्या प्रकरणातला मध्यवर्ती प्रश्न. तो ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, पंचायतीचा किंवा एजंटचा नाही. पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाने अशा नोंदीवरून पासपोर्ट रद्द केलेले आहेत, तेव्हा ‘मी पासपोर्ट घेतला नाही’ यावर निश्चिंत राहू नका.

वकिलासाठी न्या : लिस्बनच्या नोंदीची प्रत, तिच्यावरच्या तारखेसह, एजंटला दिलेलं मुखत्यारपत्र, भारतीय पासपोर्टची सगळी पानं, त्या तारखेनंतरचे प्रवास आणि मतदान, एकेका ओळीत. नोंद तुमच्या सहीने झाली की न कळवता, हे ‘स्वेच्छेने’ या शब्दाला लागू पडतं, म्हणून एजंटशी झालेले संदेश पुसू नका. पासपोर्ट कायद्याच्या १२ व्या कलमात नागरिक नसताना राष्ट्रीयत्व लपवून पासपोर्ट मिळवल्यास एक ते पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार दंड आहे. तुम्हाला ते लागू होतं का, हे कागद पाहून वकीलच सांगेल. पण आता माहिती असताना पुढचं पाऊल चुकीचं टाकलं तर बचाव अवघड होतो.

विचारायचं असं : माझं नागरिकत्व संपलं असं मानलं गेलं तर कोणत्या तारखेपासून? पासपोर्ट स्वतः परत करायचा की रद्द होऊ द्यायचा, आणि ओसीआयवर (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डावर) त्याचा परिणाम काय? १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातल्या माणसांना ओसीआयची पात्रता कायद्यातच आहे, म्हणजे गोवेकराला वाट आहे. पूर्वी त्यासाठी सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला, लागत असे आणि पासपोर्ट रद्द झालेले लोक मधेच लटकत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ४ एप्रिल २०२४ च्या ज्ञापनाने पासपोर्ट रद्द केल्याचं प्रमाणपत्रही चालेल असं ठरवलं होतं. आज ते कसं राबवलं जातं, ते विचारा. भारतात अर्ज करताना ओसीआयचं शुल्क १५,००० रुपये आहे. ओसीआय हाती येईपर्यंत इथे कोणत्या कागदावर राहायचं हेही विचारा, कारण परदेशी नागरिकाला इथे राहायला व्हिसा लागतो.

जमिनीचं विसरू नका. ओसीआयधारकाला वडिलोपार्जित शेत वारशाने मिळू शकतं, विकत घेता येत नाही. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. घरात वाटणी बाकी असेल किंवा कुणी सरकारी सेवेत असेल तर त्यांनाही भेटीला न्या, आणि घराचे एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे पिशवीत ठेवा.